शेवटच्या वळणावरचं डबकं

८ जानेवारी

प्रिय छोट्या,

फोनवर तू "बघतो ताई" म्हणतोस आणि तेवढ्यात मागून तुला कुणीतरी हाक मारतं. म्हणून पत्र लिहिते आहे, तेही घरच्या पत्त्यावर. मावशी आधी फोडून वाचेल हे गृहीत धरलं आहे. मावशी, कशी आहेस?

अनुदान मंजूर करणाऱ्या खात्यात आपला मावसभाऊ बसतो आणि आपण त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मी इतकी वर्षं विद्यापीठात मिरवत आले. आता मागते आहे.

आमचं मैदान तू पाहिलं आहेस. मी क्रीडाविभागात रुजू झाले तेव्हा तुम्ही दोघं आला होतात. धावण्याचा ट्रॅक मातीचा आहे आणि माती अजून उत्तम आहे. दुखणं एकच. शेवटच्या वळणाला लागून मुलींचं वसतिगृह आहे. त्याच्या गच्चीवरची टाकी रोज ओसंडते, आणि ते पाणी पलीकडे नेणारी मोरी ट्रॅकखाली खचली आहे. त्यामुळे आतल्या दोन लेनवर बाराही महिने डबकं. वसतिगृहाच्या बाई म्हणतात, मैदान तुमचं. मी म्हणते, पाणी तुमचं. विद्यापीठाचे अभियंते म्हणतात, मोरी कुणाचीच नाही, ती नकाशात नाही.

माझी पोरं त्या डबक्याला वळसा घालून पळतात. आता तर पायांना सवयच झाली आहे. गेल्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेत, कोरड्या ठणठणीत ट्रॅकवर, माझी सगळी पोरं शेवटच्या वळणावर बाहेर सरकली. नसलेल्या डबक्याला वळसा! आतून बाकीचे निघून गेले. एका पंचाने मला विचारलं, "मॅडम, ही काही नवी पद्धत आहे का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? इथे परतल्यावर उलट दिशेनेही पळवून पाहिलं. तर ती पहिल्याच वळणावर बाहेर जायला लागली.

यंदा माझ्याकडे एक मुलगी आहे. पाय इतके लांब की सगळे तिला उंटीण म्हणतात आणि तीही ओ देते. आठशे मीटर पळते. येतं वर्ष तिचं शेवटचं. स्पर्धा नोव्हेंबरात आहे. पहिली आली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, नाहीतर घरचे परत बोलावून घेणार. मग कसलं पळणं आणि कसलं काय.

मला स्टेडियम नको. मोरी बांधून हवी आणि वरून थोडा मुरूम. तीन वर्षं प्रस्ताव पाठवते आहे आणि तो "योजनेत बसत नाही" असा शेरा घेऊन परत येतो. कसा बसवायचा तेवढं सांग.

तुझी,
ताई


२६ जानेवारी

ताई,

आईने पत्र माझ्याआधी वाचलं आणि मी घरात शिरल्याबरोबर विचारलं, "मोरी का नाही बांधून देत रे तिला?" खात्यातले साहेब बरे, ते निदान बूट काढू देतात.

तुझा प्रस्ताव मी काढून पाहिला. तो योजनेत बसत नाही हे खरं आहे. आमच्याकडे मैदान नवं करायला अनुदान आहे, जुनं नीट करायला नाही. दुरुस्ती विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून करायची, आणि विद्यापीठ म्हणणार शासनाने करायची. असं का, म्हणून तू विचारशील. दुरुस्तीला कोनशिला बसत नाही, ताई. मोरीचं उद्घाटन करायला कोण येणार?

मात्र यंदा एक नवी योजना आहे. मातीच्या जागी सिंथेटिक ट्रॅक. तुमच्यासारख्या जुन्या विद्यापीठाला त्यात बसवता येईल. अट एवढीच, की असलेला ट्रॅक "वापरण्यायोग्य नाही" असा दाखला क्रीडाविभागप्रमुखाने द्यायचा. म्हणजे तू. तेवढा दाखला जोड आणि नवीन प्रस्ताव पाठव. नवा ट्रॅक होताना मोरी आपोआप होईल. घर बांधून घे, म्हणजे खिडकीची कडी बदलून मिळेल, असा हा मामला आहे. पण मार्ग हाच आहे.

माझं बरं चाललं आहे. गुडघे कुरकुरतात. लिफ्ट बंद असते, तीही नवी येईपर्यंत दुरुस्त करणार नाहीत म्हणे.

छोट्या


१९ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

दाखला दिला.

चार ओळींचा कागद, पण लिहायला सकाळ गेली. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून मैदान दिसतं. मी "सदर मैदान वापरण्यायोग्य राहिलेले नाही" असं लिहीत होते आणि मागे पोरांची पावलं वाजत होती. मधेच पावलं लांब जायची, म्हणजे डबकं आलं. पुन्हा जवळ यायची. शेवटी खिडकी लावून घेतली.

रखवालदाराला सांगितलं. त्याने पाणी मारायची नळी गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, "बाई, वापरण्यायोग्य नाही तर मग आज पाणी मारू की नको?" मी म्हटलं, मार बाबा.

कुलसचिवांनी सही बघून आनंदाने प्रस्ताव पुढे पाठवला. "आता कसं मोठं काम झालं मॅडम," म्हणाले. मोरीसाठी त्यांनी मला तीन वर्षं बसायला खुर्ची दिली नव्हती. या वेळी चहा मागवला.

काम होईल ना? खरं सांग.

ताई


२० मार्च

ताई,

प्रस्ताव पोचला, वर गेला आहे. काळजी करू नकोस. या गोष्टींना वेळ लागतो. मार्चअखेर असल्यामुळे सगळी धावपळ आहे, त्यामुळे लांबलचक लिहीत नाही.

एक कर. पत्रं घरीच पाठवत जा आणि ऑफिसात फोन करू नकोस. सध्या तिथे माझ्या जागेवर सारखी माणसं असतात.

आई विचारते, उंटीण काय खाते.

छोट्या


११ जून

प्रिय छोट्या,

मावशीला सांग, उंटीण मिळेल ते खाते आणि पुन्हा मागते.

मैदानाला साखळी लागली आहे. परवा कुलसचिवांनी मला बोलावलं. समोर माझाच दाखला. "मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय की मैदान वापरण्यायोग्य नाही. उद्या कुणाचा पाय मोडला तर विमा कंपनी मला विचारेल, साहेब, माहीत असून पोरं सोडलीत कशी?" मी म्हटलं, अहो, तो कागद अनुदानासाठी होता. ते दुखावल्यासारखे झाले. "म्हणजे खोटा होता?" संध्याकाळी दोन्ही फाटकांना कुलूप.

पोरं आता विद्यापीठाच्या आतल्या रस्त्यावर पळतात. डांबर. प्राध्यापकांच्या गाड्या मागून हॉर्न मारतात. उंटिणीची नडगी दुखायला लागली आहे. दाखवत नाही, पण पायऱ्या उतरताना कठडा धरते.

तू म्हणाला होतास, फाइल वर गेली आहे. किती वर? मी दाखला परत घेते. मला नवा ट्रॅक नको, जुनं मैदान द्या. असा अर्ज कुणाच्या नावाने करायचा तेवढं कळव.

ताई


२ जुलै

ताई,

दाखला मागे घेऊ नकोस. एकदा मागे घेतलास तर नवा ट्रॅक जाईल आणि वर तुला विचारतील, आधीचा खरा की आताचा? दोन्ही बाजूंनी तूच अडकशील. निवृत्तीला वर्ष उरलं असताना हे कशाला अंगावर घेतेस? थोडं थांब. इतकं थांबलीस ना.

पोरांना रस्त्याच्या कडेच्या मातीवरून पळायला सांग.

मी बरा आहे. आता जिने चढावे लागत नाहीत, त्यामुळे गुडघ्यांना आराम आहे.

छोट्या


१४ सप्टेंबर

छोट्या,

मी परवा तुमच्याकडे येऊन गेले. मावशीने सांगितलं असेलच. किंवा नसेल सांगितलं.

आधी ऑफिसात गेले. जिने चढून तुझ्या टेबलापाशी पोचले तर खुर्चीवर एक तरुण गृहस्थ. मला वाटलं तू रजेवर आहेस. "ते? ते तर मार्चपासून अभिलेख कक्षात आहेत. तळमजल्याला." मग आठवलं, तुझ्या गुडघ्यांना आराम आहे. तळमजल्याला आले. दार लोटलेलं होतं. फटीतून तू दिसलास, कपाटापुढे स्टुलावर बसून जुन्या फायलींना दोऱ्या बांधत होतास. आत यावंसं वाटलं नाही. तुलाही मी तिथे आलेलं आवडलं नसतं.

वरचे तरुण गृहस्थ फार सौजन्याने बोलले. त्यांनी सांगितलं, या वर्षीचं अनुदान एका बंदिस्त क्रीडासंकुलाला गेलं. आमचा प्रस्ताव नाकारलेला नाही, मंजूरही नाही. "तो आहे, मॅडम." तुझ्या चष्म्याचं घर ड्रॉवरमध्ये राहिलं होतं, ते त्यांनी माझ्याकडे दिलं. मावशीपाशी ठेवलं आहे.

मावशीला विचारलं तर म्हणाली, "त्याने मला बजावलंय, ताईला काही सांगायचं नाही. म्हणून मी सांगत नाही. तू विचार, मी मान हलवते." मग आम्ही तसं केलं. शिक्षा म्हणून हलवलं का? मान हलली. पैसे खाल्ले का? मला चापट बसली. शेवटी तिलाच राहवलं नाही. "दुरुस्तीलाही अनुदान द्या असं लिहिलं होतं म्हणे त्याने फायलीवर. चांगली चार पानं. साहेब म्हणाले, फार लिहिता हो तुम्ही. आणि पाठवलं खाली. तुला सांगायला घाबरतो. लहानपणी हरवायचीस ना त्याला, अजून जात नाही ते."

रागावले नाही. रागवायला जोर लागतो. एवढंच वाटलं, की ती चार पानं आधी मला दाखवली असतीस तर मी तो दाखला लिहिलाच नसता.

आता मी दुसरा दाखला दिला आहे, मैदान वापरण्यायोग्य आहे असा. तू सांगितलं होतंस तसंच झालं. कुलसचिव म्हणाले, एकाच बाईंचे दोन दाखले, कोणता धरायचा? त्यासाठी समिती नेमली आहे. ती डिसेंबरात मैदान बघायला येईल. तोवर कुलूप तसंच, आणि चौकशी चालू म्हणून मला विद्यापीठ सोडून कुठे जायला मनाई.

म्हणून एक काम सांगते. स्पर्धा यंदा तुमच्याच शहरात, त्या नव्या स्टेडियममध्ये आहे. मला येता येणार नाही. उंटिणीबरोबर आमची कारकून बाई येते आहे, तिला शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही. तू जा. मंजुरी नको, शिफारस नको. नुसतं तिथे बस, आणि काय झालं ते मला खरंखरं लिही.

ताई


१८ नोव्हेंबर

ताई,

खरंखरं लिहितो.

आईला घेऊन गेलो. स्टेडियम असं आहे की त्यावर बसायला धूळसुद्धा परवानगी मागेल. विटकरी ट्रॅक, पांढऱ्या रेघा, आणि प्रेक्षकांच्या हजारो खुर्च्यांत आम्ही मूठभर. आई म्हणाली, "एवढं मोठं बांधलंय, रोज सकाळी गर्दी होत असेल ना?" दारावरचा शिपाई म्हणाला, "आजी, रोज कुणाला सोडत नाही. ट्रॅक खराब होतो." आईने माझ्याकडे पाहिलं. मी कार्यक्रमपत्रिका वाचू लागलो.

तुझी उंटीण ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. आठशे मीटरच्या पहिल्या फेरीत ती पुढे होती. शेवटच्या वळणावर जरा बाहेर सरकली. मला वाटलं डावपेच असेल. दुसऱ्या फेरीत ती इतकी पुढे गेली की आई उठून उभी राहिली, गुडघेदुखी विसरून. आणि त्याच वळणावर, ताई, पुढे कुणी नाही, बाजूला कुणी नाही, तरी ती पुन्हा बाहेर गेली. अगदी सुबक वळसा, पाय भिजू नयेत असा. मागची मुलगी आतून सुटली. उंटिणीने शेवटी जीव तोडला, पण ती दुसरी आली. हातभर अंतराने.

शेजारचा माणूस म्हणाला, "येडी आहे का काय ही? कशाला बाहेर गेली?" त्या संबंध स्टेडियममध्ये ते फक्त मला माहीत होतं. आणि आईला. आई मोठ्याने म्हणाली, "तिथे पाणी आहे." तो माणूस उठून दुसरीकडे बसला.

मी खाली जाऊन तिला भेटलो. रडत नव्हती. बूट काढून पाय चोळत होती. म्हणाली, "बाईंना सांगा, मला माहीत होतं तिथे काही नाही. पायांना माहीत नव्हतं." मी तुझा भाऊ आहे म्हटल्यावर तिने मला निरखून पाहिलं. "दाखल्यावाले?" हो म्हटलं.

दाखल्याबद्दल आणि अभिलेखाबद्दल मी काही लिहीत नाही. तू ते फटीतून पाहिलंस, तेवढं पुरे.

पण एक गोष्ट परत येताना डोक्यात आली आणि मी बसमध्ये आईला विचारलं. तू लिहिलंस, जूनपासून मैदानाला कुलूप आहे आणि पोरं रस्त्यावर पळतात. रस्त्यावर डबकं नाही. पाच महिने रस्त्यावर पळणारीच्या पायांना वळण इतकं ताजं आठवतं कसं? आई म्हणाली, "तुला आत्ता कळलं?"

ताई, तू मला सांगितलं नाहीस, ते बरोबर केलंस. कागदावर आलं असतं तर मलाही ते कळलेलं असतं. पण समिती आली की एक कर. काही बोलू नकोस. त्यांना फक्त शेवटच्या वळणावर नेऊन उभं कर. आम्हा लोकांना सांगितलेलं पटत नाही, पण पायाखाली दिसलेलं नाकारता येत नाही.

हा माझा सल्ला. आधीच्यासारखाच वाटला तर फाडून टाक.

छोट्या


९ जानेवारी

प्रिय छोट्या,

तुझं पत्र फाडलं नाही.

दुसऱ्या फाटकाची किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये होती. उंटिणीची नडगी डांबरावर सुजली तेव्हा ती रखवालदाराच्या हातात दिली आणि म्हटलं, हरवली तर मला सांगू नकोस. त्याने ती इतकी चोख हरवली की पोरं रोज पहाटे आत. तुला कळवलं असतं तर तू दोन्हीकडून अडकला असतास. एक जण अडकलेला पुरे होता.

समिती आली. तिघं जण, तिघांच्या हातात माझे दोन्ही दाखले. मी काही बोलले नाही. वळणावर नेऊन उभं केलं. डबक्याच्या बाहेरून एक वाट पडली आहे, लेन सोडून, हिरवळ कापत, पुढे पुन्हा आत येणारी. माती घट्ट बसून चकाकते. अध्यक्षांनी बुटाच्या टोकाने ती दाबून पाहिली. "मैदान जूनपासून बंद आहे ना?" कुलसचिव म्हणाले, कडेकोट. "मग ही वाट?" रखवालदार पुढे आला. "कुत्री असतील साहेब." अध्यक्ष त्या वाटेने चार पावलं चालले. "एका रांगेत पळतात?" "शिस्तीची आहेत, साहेब."

हसलं कुणीच नाही. पण अहवालात लिहिलं आहे, "मैदान प्रत्यक्षात वापरात असल्याचे दिसून येते, सबब ते वापरण्यायोग्य आहे." साखळी निघाली. आणि मैदान वापरण्यायोग्य ठरल्यामुळे नव्या ट्रॅकचा प्रस्ताव बाद. मोरीचं विचारलं, तर तो विषय समितीपुढे नव्हता. कुलूप असताना मैदान वापरात कसं आलं, याचा खुलासा मला मागितला आहे. लिहीन सवडीने. मे महिन्यात तर निवृत्तच होते.

म्हणजे हिशेब बघ. वर्ष गेलं, तुझी खुर्ची गेली, तिची नोकरी गेली, आणि आपण जिथे होतो तिथेच आहोत. डबक्यासकट.

पण उंटीण घरी गेली नाही. जूनपासून पुढच्या अभ्यासक्रमाला नाव घालणार आहे. घरी सांगितलं, अभ्यास राहिलाय. तेही खोटं नाही. येत्या नोव्हेंबरात पुन्हा पळेल. तेव्हा मी इथे नसेन, पण प्रेक्षकांत बसायला कुणाची मनाई नाही. मावशीशेजारी माझी जागा धरून ठेव.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, तू वळणाचं लिहिलं आहेस तेवढंच. पायांना माहीत नव्हतं, ते. ऐकून ती तशीच मैदानात गेली. मीही मागून गेले आणि वळणावर उभी राहिले. मोरी मला बांधता येत नाही, हे आता कबूल आहे. म्हणून ओरडले, "आत! बाहेर जायचं नाही! आत!" ती आली, रेषेपाशी आली, तिचे खांदे बाहेर वळायला लागलेले मला दिसले, आणि मग ती सरळ पाण्यात शिरली. माझ्या चष्म्यापर्यंत शिंतोडे उडाले. मागून बाकीची पोरं. ओरडत, शिव्या घालत, भिजत, पण आतून.

आता रोज तसंच पळतात. कुंपणावर ओळीने बूट वाळत असतात. वसतिगृहाच्या बाईंनी तक्रार केली की हे वाईट दिसतं. मी म्हटलं, पाणी तुमचंच आहे.

मावशीने पाठवलेलं पार्सल मिळालं. एवढे लोकरीचे मोजे तिने कधी विणले? पोरांनी वाटून घेतले, तरी पुरत नाहीत. तिला म्हणावं, अजून लागतील. रोज भिजतात.

तुझी,
ताई